अकरा गावं

डाउवेला अकरा गावं तोंडपाठ होती.
सहा वर्षांचा असताना, एका दमात:
लेउवार्डन, स्नेक, आयल्स्ट, स्लोटन, स्टाव्होरन…
गोठलेल्या कालव्यांवरून स्केट घालून
ज्या क्रमाने जातात, त्याच क्रमाने.
डोक्कमला पोचेस्तोवर गाल लाल.
बाबा खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढायचे.
गोळी या शब्दाशी त्याची ओळख तिथली.

आज तो हिंदेलोपनला थांबला.
हातात चमचा. सूपमध्ये मीठ तिसऱ्यांदा.
"जिभेवर आहे," म्हणाला,
आणि मला वाटलं आता जीभ बाहेर काढेल,
विरघळत आलेली गोळी दाखवायचा, तशी.

ग्रोनिंगनच्या एका गोदामात
नऊ वर्षांचे शनिवार.
सोमवारी रिकामा, मंगळवारी रडका,
शुक्रवारी पुन्हा हसरा.
मी कधी दार लावून घेतलं, कधी पैसे दिले.
तो दोन्ही विसरलाय.
मी नाही.

डॉक्टरबाईंनी पाच शब्द दिले:
लोकर, हातोडा, घुबड, पूल, मीठ.
मग इकडचं तिकडचं विचारलं, घड्याळ काढायला लावलं,
आणि म्हणाल्या, सांगा आता.
"घुबड."
बराच वेळ खिडकीबाहेर बघून पुन्हा,
"घुबड."
गोळ्यांनी किती नेलं, जागलेल्या रात्रींनी किती,
आणि तसंही किती गेलंच असतं,
हा हिशोब त्यांना मांडता येईना.
काही परत येईल, म्हणाल्या.
कोणतं, ते नाही म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं,
तेव्हा काय दिसायचं रे तुला?
"सुंदर होतं."
काय?
"सुंदर होतं, एवढं आठवतंय."

पुलाखालचा बर्फ कच्चा असतो.
शर्यतीतला गडीसुद्धा तिथे मुकाट काठावर चढतो,
पायात पाती तशीच, बदकासारखा डुलत
कुणीतरी अंथरलेल्या जुनेरावरून चार पावलं टाकतो,
पलीकडे पुन्हा उतरतो.
शर्यत झाली त्या वर्षी आईने
बैठकीतला गालिचा उचलून नेला होता.
डाउवे त्याचं एक टोक धरून धावत होता. दहा वर्षांचा.
हे त्याला आठवतं का, मी विचारलेलं नाही.

सूप खारट झालं होतं. पाव बुडवून संपवलं आम्ही.
"वो…" मी म्हटलं.
"वोर्कम!" तो म्हणाला,
आणि निघाला.
हार्लिंगनच्या आधीच फ्रानेकर आलं.
मी काही बोलले नाही.