डाग

ॲक्रनच्या म्युझियममध्ये मी पहारेकरी,
दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली.
खुर्चीसमोर लोवेल प्रुइटचं चित्र :
डायनरचा काउंटर, केचपची बाटली,
नॅपकिनचा चकचकीत डबा
आणि डब्यात वाकडी होऊन बसलेली
अख्खी खिडकी, रस्त्यासकट.
चौदा महिने लागले म्हणे.

लोक नाक लावून बघतात,
फोटोच की हो, म्हणतात, निघतात.
कॉलेजातला एक पोरगा म्हणाला,
कॅमेऱ्यानं हे चुटकीत उरकलं असतं,
ही कला नाही, हमाली आहे.
असेल.
बत्तीस वर्षं टायर उचललेत मी,
हमालीला नावं ठेवत नाही.

गुरुवारी व्हर्ना आली, त्याच काउंटरवरची,
ड्यूटी संपवून, गणवेशातच.
बराच वेळ उभी.
मग ॲप्रनचं टोक जिभेनं ओलं केलं
आणि कपाच्या बुडाचा तो तपकिरी गोल
पुसला.
एकदाच. हलकेच.

मी ओरडायला हवं होतं.
तिनंच हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.
"अकरा वर्षं पुसतेय," म्हणाली,
"कधी बघितला नव्हता."

रिपोर्टात लिहिलं,
नुकसान : काही नाही.
मग 'काही नाही' खोडलं.
पुढची जागा
अजून कोरी आहे.