फेस आला की

आत्याचं भांडं कथलाचं होतं,
बोटानं दाबलं तरी पोचा पडेल इतकं मऊ.
अंबासमुद्रमच्या सासरहून कायमची परतली
तेव्हा कोदै आत्यानं तेवढंच आणलं,
जुन्या साडीत गुंडाळून.
नियम एकच: रिकामं चुलीवर ठेवायचं नाही.
आधी पाणी, मग जाळ.
आम्हा पोरांना तो पाढ्यांच्या आधी पाठ.

कल्लिडैकुरिचीत सकाळी अकराला
गल्लीतल्या सगळ्या घरांतून रसमचाच वास,
तरी तिचं रसम आंधळ्यालाही ओळखू यायचं.
चिंचेचा कोळ, हातानं कुस्करलेले टोमॅटो,
हिंगाचा खडा,
आणि तुरीच्या शिजल्या डाळीवरचं नुसतं पाणी.
डाळ खाली राहायची, ती सांबाराची.
मग चुलीपाशी उकिडवी बसायची,
कुणी हाक मारली तरी ओ नाही.
कडेनं पिवळा फेस धरायचा,
मध्ये सरकायचा,
वर चढू लागायचा
तेवढ्यात पदरानं धरून खाली.
एक जरी उकळी फुटली तर म्हणायची,
"आता हे गुरांना."
(गुरांना कधी घातलं नाही. स्वतःच प्यायची.)

केळीच्या पानावर भाताचं आळं करायचं.
धाकट्या नंबीचं आळं रोज फुटायचं,
रसम त्याच्या मांडीवर,
आणि तो म्हणायचा, पानच वाकडं आहे.

मी चौथीत, ती पन्नाशीची,
तेव्हा ती माझ्या पाटीवर गिरवू लागली.
आमच्या तमिळमधला तो जीभ मागे वळवायचा 'ळ'
लिहितानाही तिची जीभ खरोखर वळायची.

ऐप्पसी महिन्यात पोस्टमन आला.
मलायातून, इपोहून, धाकट्या बहिणीचं पत्र.
आजवरची सगळी मीच वाचून दाखवलेली.
त्या दिवशी तिनं हात आडवा घातला.
"मी."
उंबऱ्यात बसून, बोट टेकवत,
डाळीतले खडे वेचावेत तसं एकेक अक्षर:
अ-क्का. मा-झं र-सम ग-ढूळ हो-तं.
मि-री कि-ती घा-लू?

मागे चुलीवर भांडं.
पाणी ओतायचं राहिलेलं.

कथील वितळताना आवाज करत नाही.
आई ओरडली तेव्हा कळलं;
राखेत पाऱ्यासारखं काहीतरी पसरत होतं.
मला वाटलं, आता आत्या रडणार.
ती हसत होती.
पत्र छातीशी धरून, ठसका लागेपर्यंत हसत होती.
"वाचत होते ना मी," म्हणाली,
"मी वाचत होते."

(तो गोळा अजून माझ्याकडे आहे.
विजेच्या बिलांवर ठेवतो.)

उत्तर लिहायला तीन दिवस लागले.
मिरीचं माप तिला तरी कुठे ठाऊक होतं?
आवळ्याएवढी चिंच हातानं दाखवता येते,
कागदावर हात कसा काढायचा?
शेवटी कार्डावर एकच ओळ, उतरणीला लागलेली:
फेस आला की उतरव.

मी इपोला गेलो तोवर दोघी बहिणी नव्हत्या.
लोगेश्वरीचं स्वयंपाकघर,
खिडकीत चुनखडीचे हिरवे डोंगर,
आणि गॅसच्या वर, टाइल्सवर चिकटवलेलं
प्लास्टिकमधलं ते कार्ड.
कडेला कुंकवाचं बोट.
"आई रोज पाया पडायची," ती म्हणाली,
"म्हणून मीही पडते.
मी मलय शाळेतली, मला तमिळ वाचता येत नाही.
कुठला श्लोक आहे, अण्णा?"

तिच्या मागे स्टीलच्या पातेल्यात
रसम खळाखळा उकळत होतं.
मी हात लांब केला,
गॅस बंद केला.
"हा," म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग कार्डाकडे,
मग पातेल्याकडे.

रसम तोवर गढूळ झालं होतं.
आम्ही दोन-दोन पेले प्यायलो.