बेचाळीस डोकी

कंडक्टरनं आधार कार्डावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं,
आणि शून्य रुपयाचं तिकीट हातात दिलं.
बेळगाव ते गोकाक.
एवढ्या स्वस्तात मी कुठंच गेलो नव्हतो.

नाहीतर दरवर्षी एफडी मोडायची.
खानापूरच्या सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होतो,
त्यामुळं टूर मॅनेजर बसच्या दारात उभा राहून
हवेत बोटानं टिंबं देत डोकी मोजायला लागला
की माझेही ओठ हलायचे.
बेचाळीस. अंगठ्याला थुंकी लावायची तेवढी राहायची.

रोममध्ये कारंज्यापाशी नऊ मिनिटं.
व्हिएन्नाच्या राजवाड्यातलं आता आठवतंय ते
मुतारीच्या रांगेत मुठीत धरलेलं
पन्नास सेंटचं घामेजलेलं नाणं.
कैरोत उंटावर बसायला फुकट होतं,
उतरायचे पैसे होते.
सगळीकडं पुढं एक छत्री, छत्रीला पिवळा रुमाल,
रुमालाखाली कोण आहे हे न बघता आम्ही मागं.

पुण्याच्या एक बाई होत्या.
तुम्ही 'मी गेलो', 'मी जेवलो' असं काय बोलता हो,
बाईमाणूस ना तुम्ही?
बस हसली.
मी म्हटलं, आमच्याकडं बायका अशाच जातात, अशाच जेवतात.
खरं त्या रात्री दात घासून झाल्यावर
हॉटेलच्या आरशात बघत हळूच म्हणून बघितलं,
मी गेले.
कुणाच्यातरी घरी निरोप धाडल्यासारखं वाटलं.

एकट्या बायकांची जोडी कंपनीच लावते.
अडीच तासांच्या बसवर राहणारी शांतक्का पट्टणशेट्टी
मला पहिल्यांदा भेटली ल्युसर्नमध्ये, चौथ्या मजल्यावर,
एकाच किल्लीच्या दोन बाजूंना.
तिचं मराठी माझ्या कन्नडएवढंच,
भाजी घेण्यापुरतं आणि भांडण कळण्यापुरतं.
तिच्या बॅगेत करदंट, माझ्या बॅगेत कुंदा.
ती झोपेत बोलायची, त्यातले आकडे तेवढे मला कळायचे.
तिच्या जुन्या पासपोर्टावर आमच्या जिल्ह्याचं एक नाव,
माझ्या नव्यावर दुसरं.
झुरिकच्या अधिकाऱ्यानं दोन्ही
सारखीच चुकीची वाचली.

ऱ्हाईनच्या धबधब्यावर कठड्याला टेकून ती म्हणाली,
नम्मूर फॉल्स इदक्किंत एत्तर ऐति.
आमच्या गावचा याच्याहून उंच हाय.
मी विचारलं, कितीदा गेलीस?
बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली.
शाळेत असताना एकदा. मग थोरल्याच्या लग्नाचे पाहुणे घेऊन.
नायगारा दोनदा.

यंदा जपानच्या यादीत तिचं नाव नव्हतं. गुडघे.
खोलीत मिरजेची एक डॉक्टरीण आली, चांगली होती,
दिवा लवकर मालवायची.
क्योटोत दारात मोजणी झाली, बेचाळीस भरले.
हिशेब जुळला म्हणजे नोटा खऱ्या असं नसतं,
हे कॅशियरशिवाय कुणाला सांगून पटायचं नाही.

ऑगस्टातलं पाणी. चहासारखं, दूध जास्त झालेलं.
झुलत्या पुलाला कुलूप, पलीकडं गिरणीच्या दगडी भिंती.
शांतक्का एका हातानं काठी, एका हातानं माझा दंड धरून उभी.
मी छत्री उघडली नाही, नुसती उंच धरली,
टोकाला रुमाल बांधून,
आणि म्हटलं, नऊ मिनिटं हं, मग सगळ्यांनी बसमध्ये.
ती एवढी हसली की काठी निसटली.
शेजारी कणीस भाजणाऱ्या पोरानं ती उचलून दिली.
आम्ही दीड तास थांबलो.

परतीच्या बसला गर्दी. मी आधी चढलो.
एष्टु जन? कंडक्टरनं विचारलं.
बेचाळीस, मी म्हटलं.
तो बघत राहिला.
खालून, पायरीवर एकच पाय ठेवून,
काठी माझ्या हातात कोंबत
शांतक्का ओरडली,
एरडु रीऽ, एरडु.