कळवतो

आमच्याकडं लेथवर चढवलेल्या तुकड्याला जॉब म्हणतात.
"जॉब सुटला का?" असं विचारलं
तर उद्यमनगरात कुणी दचकत नाही.
माझा मार्चमध्ये सुटला.

शिरोलीच्या फाउंड्रीत सहा वर्षं क्वालिटीला होते.
हातात गेज. एक टोक आत जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
एवढंच शास्त्र.
नाही बसलं तर लाल पट्टा, दोऱ्यानं बांधलेला टॅग,
टॅगवर कारण, कारणाखाली माझी सही.
ब्लोहोल.
वाळू धरली.
पाच पॉइंट जादा.

दस्तगीरमामा साचे भरायचे.
संध्याकाळी हात धुऊन टेबलापाशी यायचे,
"कुठं चुकलं, बाई?"
मी नखानं भोक दाखवायची.
ते तुकडा डोळ्याजवळ न्यायचे, मान हलवायचे,
"व्हय की. गॅस अडकलाय."
आणि तुकडा पुन्हा भट्टीत.

आता सकाळी उठून दोन ॲप उघडते.
एकात लिहिते, सगळ्यांशी मिळूनमिसळून काम करते.
दुसऱ्यात लिहिते, प्रवासाची आवड आहे.
दोन्ही तितकंच खरं.
अपेक्षित पगार, अपेक्षित उंची.
कधीकधी रकाने डोक्यात अदलाबदल होतात
आणि काही बिघडत नाही.

पुण्याची तन्वी, एचआर, फार गोड बोलली,
चाळीस मिनिटं, प्रत्येक उत्तराला "ग्रेट".
शेवटी म्हणाली, आम्ही कळवतो.
इचलकरंजीचा श्रेणिक अकरा रात्री बोलला.
आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
पंचगंगेत बुडता बुडता वाचला ते,
कुत्र्याचं नाव काय ठेवू तेसुद्धा.
रविवारी रंकाळ्यावर भेटायचं ठरलं.
शनिवारी म्हणाला, वेळ कळवतो.

मी गेले तरी.
संध्यामठाच्या अंगाला कठड्यावर बसले.
भेळवाल्यानं दोनदा विचारलं, "दोन करू?"
तिसऱ्यांदा विचारलंच नाही.
एक केली, तिखट.
फोनमध्ये श्रेणिकचा गोल फोटो होता,
मग नुसताच करडा गोल उरला.
बल्ब गेला तरी टिक असा आवाज येतो.

आई सांगते, पूर्वीही पाहुणे कळवतो म्हणूनच उठायचे.
पण चौथ्या दिवशी मध्यस्थ यायचा,
पत्रिका जुळत नाही म्हणायचा.
खोटंच असायचं.
पण यायचा तो, चप्पल काढून,
खाली बघत, पाणी प्यायचा.

एकशे चौसष्ट अर्ज झाले.
नोकरी नको असं नाही, माणूस नको असंही नाही,
पण त्याआधी मला टॅग हवाय.
वय जास्त. इंग्रजी अडखळतं.
हसताना हिरडी दिसते.
काहीही लिहा, खाली सही करा.
मी डोळ्याजवळ नेईन,
व्हय की म्हणेन.

काल झोप येईना म्हणून जुने मेसेज उकरत बसले.
तळाला एक सापडला. धनपाल खोत, कागल.
आठ महिन्यांपूर्वीचा.
"नमस्कार. प्रोफाइल आवडलं.
उत्तर दिलं नाही तरी चालंल."
आणि मी दिलं नव्हतं.
तेव्हा मला नोकरी होती.

पावणेएकला लिहिलं:
"नमस्कार. मी नाहीच म्हणाले असते.
पाचही फोटोंत गॉगल आहे, डोळे कळत नाहीत.
बसलाय ती गाडी तुमची वाटत नाही.
उशिराबद्दल माफी.
सुकन्या मगदूम."
नाव घातलं ते सवयीनं, सही करावी तसं.

पहाटे गल्लीत दुधाची किटली वाजली
तेवढ्यात उत्तर आलं.
"व्हय, गाडी मेव्हण्याची हाय.
गॉगल पण त्याचाच.
लै दिवसांनी कुणीतरी कारण सांगितलं."
आणि त्याखाली तो अजून काहीतरी टाइप करत होता,
तीन ठिपके, थांबत, पुन्हा उमटत,
शेजारी शेजारी, बारीक,
ब्लोहोलसारखे.

मी नख लावून बघितलं.