एकाक्षरी

ओउलू, जानेवारी. दुपारी तीनलाच खिडकी काळी.
पोरांना आज जुनाच प्रयोग शिकवायचा :
जिवाणू खलात घोटून फोडायचे,
भिंती, साली, त्यांचा स्वतःचा मजकूर, सगळं काढून टाकायचं.
उरतो पिवळसर रस.
मेलेला म्हणावा, तर वाचता येतं त्याला अजून.

"काय द्यायचं वाचायला?" साइमी विचारते.
एकच अक्षर, मी म्हणते. यू यू यू यू यू,
कागद संपेपर्यंत.

खरं पत्र असतं तर माथ्यावर श्री असता,
ए-यू-जी, तिथून पुढे मजकूर,
आणि मागाहून बरेचदा तो श्रीच कातरून टाकतात.
आज मॅग्नेशियम मुद्दाम जास्त घातलंय.
श्रीशिवायच सुरू.

रायबोसोम सरकतो, तीन-तीन अक्षरांचा घास घेत.
हमाल येतात, पोटाशी तीन अक्षरं, पाठीवर एक मणी.
जुळलं तर मणी ठेवायचा,
नाही तर आल्या पावली माघारी.
वीस परींचे मणी दाराशी ताटकळलेले,
आत बोलावणं एकालाच :
फेनिलअलानिन, फेनिलअलानिन, फेनिलअलानिन.

नळीत पांढरा गाळ.
त्याला घडी पडत नाही, तो पाण्यात विरघळत नाही,
कुणाच्या कामाचा नाही.
"एवढंच?" साइमी हिरमुसते.
एवढंच. दिलं ते वाचलं ना त्यानं.

संध्याकाळी इस्पितळ.
बाबांच्या डोक्यातली नस फुटली त्याला सात आठवडे.
वीस वर्षं नदीतून ओंडके हाकलणारा माणूस,
पाण्याला, ओंडक्यांना, सरकारला, प्रत्येकाला वेगळी शिवी.
आता शब्द उरलाय एक : नीन.
आमच्यात नीन म्हणजे हो, किंवा असं का,
किंवा बरं, किंवा बोल पुढे.
बर्फ थांबलं, बाबा. नीन.
आई आठवते? नीन.
मी कोण? नीन, नीन, नीन.

डॉक्टरीण कागद पुढे करते,
वेळ आलीच तर काय करायचं, काय नाही.
पेशीपाशी त्यासाठी तीन अक्षरं असतात, यू-ए-ए,
त्यांचा हमालच नसतो कुणी.
दुसरंच कुणीतरी आत शिरतं
आणि पाण्याच्या एका रेणूनं दोरा सुटतो.
दुपारच्या ओळीत मी ती घातलीच नव्हती.

पेनाला टोपण लावते. चमचा उचलते.
ब्लूबेरीचं सूप हनुवटीवरून ओघळतं, निळं.
फार गरम आहे का?
नीन, म्हणतात,
आणि पुन्हा तोंड उघडतात.