निव्वळ वजन

चोपड्याच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं
केळीच्या गाड्या तोलतोय मी.
भरलेली वजा रिकामी, उरेल तो माल.
चिठ्ठी फाडायची. पुढची गाडी.

आज दवाखान्यात अनवाणी उभा राहिलो
चकचकीत पट्ट्यांवर, हातांत दोन मुठी.
यंत्राने अंगातून वीज फिरवली म्हणे,
मला गुदगुलीसुद्धा झाली नाही.
मग डॉक्टरीणबाईंनी दंडामागची कातडी
चिमट्यात धरली,
भरताचं वांगं दाबून बघावं तशी,
आणि टेप बेंबीवरून: एकशे चार.

कागदावर आलं, चरबी तेहतीस टक्के.
बाकी हाडं, मांस, पाणी.

विचारलं, यातली गाडी कुठली, माल कुठला?
बाई हसल्या.
मी खरंच विचारत होतो.

वडील गेले तेव्हा पुढे डावीकडे मी होतो.
खांद्याला तेव्हाच कळलं होतं,
तिरडी वजा करून
छप्पन्न किलो.

घरी केवळबाईने कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"त्या तेहतीस टक्का मन्हाच शेतस.
मन्हं तूप, मन्हं तेल.
बठ, भाकर खाई ले."

कळण्याची होती. दीड खाल्ली.
उरलेली अर्धी तिने हातावर तोलली,
बोलली काही नाही.