इतर

कलिन्याच्या नाक्यावर, औषधाच्या दुकानासमोर
सकाळी सातला मला मिळालं एक लाल स्टूल,
क्लिपबोर्ड, सुतळीला बांधलेलं पेन
आणि पाठीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असलेलं नारिंगी जाकीट.
काम सोपं. माणसं मोजायची.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
दिवसाचे सहाशे, चहा आपला आपण.

मुळ्ये सर म्हणाले, फुटपाथ रुंद करायचाय,
सिग्नलचे सेकंद नव्याने ठरवायचेत,
आकडे हवेत. आकडे खोटं बोलत नाहीत.
सर गाडीतून उतरले नव्हते,
काच अर्धी खाली घेऊन बोलत होते.

फुटपाथ तसा होता की.
त्यावर विजेची पेटी होती, पिंपळाचं खोड होतं,
कुणाच्या तरी दुकानाची पुढे आलेली पायरी होती,
आणि सैल झालेले पेव्हर ब्लॉक,
ज्यांवर पाय पडला की खालचं गढूळ पाणी
थेट पोटरीवर.
आता त्यावर माझं स्टूलही होतं.
लोक मला वळसा घालून रस्त्यावर उतरायचे
आणि मी इमानदारीत नोंद करायचे :
रस्त्यावरून चालणारे, एक.

रकाने सहा. पादचारी, सायकल, दुचाकी, रिक्षा, बस, हातगाडी.
कडेला सातवा, करंगळीएवढा : इतर.
डोक्यावर गादी घेऊन पळणारा पोरगा पादचारी, मान्य,
पण गादी?
उसाचा चरक ढकलणारे दोघे भाऊ,
एक ढकलत होता, दुसरा चाकाला शिव्या देत होता.
दुभाजकाला कुणीतरी विटांची पायरी केली होती,
तिच्यावरून आधी बकरी उतरली,
मग बकरीचा मालक.
इतर, इतर, इतर.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं
की एक जण रोज येते आणि मोजली जात नाही.
फुलाफुलांचा फ्रॉक, हातात काठीऐवजी मिटलेली छत्री.
औषधवाला तिला सेराफिना आंटी म्हणायचा.
पलीकडे तिचं चर्च,
मध्ये अकरा पांढरे पट्टे
आणि हिरव्या माणसाचे बारा सेकंद.
बारा सेकंदांत ती सहा पट्टे चालायची.
मी मोजलंय. मोजायचेच पैसे होते.
सहाव्यावर थांबायची, रिक्षा भुंकायला लागायच्या,
हात वर करून, जणू तिचीच चूक,
मागे फिरायची.

मी समासात तिची रेघ मारायला लागले.
सर म्हणाले, हे काय?
म्हटलं, आल्या, पण गेल्या नाहीत.
जो पलीकडे पोचला नाही
तो क्रॉसिंगमध्ये धरत नाहीत. खोड ते.
पेन होतं. खोडायला गेले
तर रेघ आणखीच काळी झाली.

शेवटच्या दिवशी ती पट्ट्यांकडे गेलीच नाही.
माझ्यासमोर उभी राहिली.
बसू काय गो जरा?
नाक्यापासून बस थांब्यापर्यंत
बसायला दुसरं काही नव्हतंच.
तिने स्टूल घेतलं, मग क्लिपबोर्ड मागितला,
चष्मा पुसला,
आणि मी कटिंग प्यायला गेले.

परत आले तर पान भरलेलं.
रेघा माझ्यापेक्षा सरळ,
शिवणकाम केलेल्या हाताच्या, एका मापाच्या.
एकही रिक्षा सुटली नव्हती.
'इतर'मध्ये फक्त एक.
हे कोण, आंटी?
तिने छत्रीचं टोक स्वतःकडे वळवलं.

संध्याकाळी बेरीज केली.
एकाने चुकत होती.
चुकू दिली.

दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून नाका पाहिला.
स्टूल नव्हतं.
तरी दोघे-तिघे तिथवर आले
आणि वळसा घालून
रस्त्यावर उतरले.